जवारी

साडेतीनची मालगाडी गेली की
मिरजेत थोडा वेळ कुणीच नसतं.
सतारमेकर गल्लीत तेवढ्यात
अब्बा जवारी काढायला बसतात.

दिवसा जमत नाही.
दिवसा रिक्षा, मिक्सर, शाळेची घंटा
खर्जात येऊन बसतात पाय पसरून.

कानशीचा एक हात. फुंकर.
तारेखाली सुताचा धागा,
केसभर अलीकडे, केसभर पलीकडे.
त्या धाग्याला आमच्यात जीव म्हणतात.

आज मला सुट्टी, तरी जाग आलीच.
वॉर्डात हीच वेळ सांभाळायची असते.
मार्था सिस्टर पहिल्याच रात्री म्हणाली होती,
तीन ते चार डोळा लावू नको गं,
जाणारे याच वेळी उठतात.

परवा अकरा नंबरच्या कोंडाबाई, जतच्या,
विचारत होत्या, उजाडलं का?
अजून नाही, म्हटलं.
मग धारा काढायच्यात की, म्हणाल्या
आणि माझी दोन बोटं धरून
काढत राहिल्या,
अंगठा आत मुडपून, नेमाने,
चरवी भरेपर्यंत.

अब्बांना हे सांगितलेलं नाही.
ते या वेळेला रामप्रहर म्हणतात
आणि रामप्रहर सरायच्या आत
फजरसाठी वजू करतात.

धारवाडच्या बाईंचा तानपुरा आहे.
भोपळ्याला कान लावून एकदा छेडतात,
तार मधमाशीएवढी बोलते, मग थिजते.

लागली का, मी दारातून विचारते.

अजून नाही,
म्हणतात, आणि जीव
केसभर सरकवतात.