पुराव्यादाखल

कोर्टासमोरच्या कडुलिंबाखाली माझं टेबल.
सोलापुरात तीस वर्षं मी लोकांचं म्हणणं इंग्रजीत टाइप करतोय,
पानाला चाळीस रुपये, घाई असेल तर पन्नास.
एप्रिलात शिक्क्याची शाई उमटायच्या आधी वाळते.

मेहजबीन नालबंद आली ती दुपारी दीडला.
प्लास्टिकच्या पिशवीत लग्न,
त्याच पिशवीत गुन्हा.
"मामा, दोन्हीचं इंग्रजी करायचंय."

नवरा अझीम विनिपेगला, ट्रकचे ब्रेक दुरुस्त करतो.
तिकडच्या ऑफिसाचं पत्र आलंय, शंका दोन.
हे लग्न खरं कशावरून?
फोटोत माणसं फार थोडी दिसतात.
आणि अर्जदार बाईंना शिक्षा झालेली आहे
बेकायदेशीर जमावात सामील असल्याबद्दल.

मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
मांडवात माणसं कमी पडली
आणि रस्त्यावर जास्त झाली.

"कमी का गं?"
"अब्बूंचा चाळिसावा व्हायचा होता, मामा.
घरातच निकाह. सतरा जण.
काझीसाहेब धरून अठरा."
सतरा टाइप केलं. खोडलं. अठरा.

"आणि हा जमाव?"
"मी एकोणीसची होते. अम्मीसंगं गेले.
हजार विडीमागं बारा रुपये वाढवा म्हणून
अशोक चौकात बसलो.
एक बस अडली. ड्रायव्हर उतरून चहाला गेला बगा."
कलम एकशे त्रेचाळीस. कलम तीनशे एक्केचाळीस.
चाळीस बायांत एक वकील,
तो म्हणाला, कबूल म्हणा, संध्याकाळी घरी जाल.
नाही म्हणालात तर दर महिन्याला तारीख.
तारखेला गेलं की त्या दिवसाच्या विड्या बुडतात
हे त्याला सांगावं लागलं नाही.
तर सगळ्या एका सुरात: कबूल.
दंड दोनशे. अम्मीनं दहादहाच्या नोटा मोजल्या,
एक फाटकी निघाली, ती कारकुनानं परत दिली.

तीन वर्षांनी मेहजबीन तोच शब्द पुन्हा बोलली,
या खेपेला तीनदा, पडद्याआडून, हळू.

इंग्रजीत दोन्ही कबूलांना वेगवेगळे शब्द आहेत.
मी डिक्शनरी काढून ते जागच्या जागी बसवले,
स्पेलिंग तपासलं,
आणि उगाच इकडंतिकडं बघितलं,
कुणाच्या खिशात हात घातल्यासारखं.

निकालाची नक्कल हवी होती.
रेकॉर्ड रूमचे बिराजदार म्हणाले,
तेवढ्या जुन्या फायली नियमानं नष्ट.
नष्ट झाल्या असं हवं तर लिहून देतो.
दिलंही. गोल शिक्क्यासह.
पोलिसांच्या दाखल्यात मात्र ती एक ओळ
कालच लिहिल्यासारखी ठळक.

मग ठसे.
पुण्याला गेली, काचेवर बोट ठेवलं.
यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुसून ठेवा. दाबून ठेवा. दुसरं बोट.
शाळा सुटली त्या वर्षापासून पान कातरून,
तंबाखू भरून, तोंड मुडपून, दोरा आवळून
बोटांच्या टोकावरच्या रेषा केव्हाच विडीबरोबर
कारखान्यात जमा झाल्यात.
ज्या बाईचा गुन्हा सापडतो
तिचं बोट सापडत नाही.

दीड महिना झाला, मांडीवरचं सूप तिनं भिंतीला टेकवलंय.
रात्री ग्लिसरीन लावते. भांडी जाऊ घासते,
बोलत नाही, पण आदळते.
अझीम रोज विचारतो, आल्या का?
तिकडं तेव्हा सकाळ असते.

काल टेबलापाशी आली,
माझ्या स्टँप पॅडवर अंगठा टेकवला
आणि एका बाद झालेल्या प्रतिज्ञापत्राच्या पाठीवर दाबला.
"बगा की मामा, काय दिसतंय का?"

मी कागद उन्हात धरला.
कडेला एक अर्धी कमान,
मधे सगळं सपाट निळं.

"येतंय," म्हटलं.
हे काही टाइप करायचं नव्हतं.