पानावरून उठताना

पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नसतं,
म्हणून उग्ने साडेतीनपासून
खिडकीच्या काचेला नाक लावून.
आभाळ ओल्या घोंगडीसारखं
पाइनच्या शेंड्यांवर टेकलेलं.
शेवटी बाबा म्हणाले, ते बघ, पलीकडे!
आणि नेमुनास नदीपल्याडच्या लाकूडगिरणीचा दिवा
आम्ही सगळ्यांनी चांदणी म्हणून पास केला.

पांढऱ्या कापडाखाली गवत पसरलेलं,
ताटं त्यावर किंचित डगमगतात.
बारा पदार्थ हवेत. दूध नको, अंडं नको, मांस नको.
हेरिंग बिटात, हेरिंग गाजरात,
हेरिंग सुक्या मश्रूमात
(कमी पडलं की आई मिठालाही पदार्थ म्हणते),
क्रॅनबेरीचं दाट सार,
आणि खसखशीच्या दुधात भिजलेली
बोटाच्या पेराएवढी बिस्किटं.

एक ताट दोमित्सेले मावशीचं.
ती फेब्रुवारीत गेली.
तिच्या ताटापुढे मेणबत्ती,
आणि विद्मांतासने सवयीने
मोहरीची बाटली तिकडे सरकवली.

नियम एकच:
जो पानावरून आधी उठेल, तो जगातूनही आधी उठेल.
कुणी केला, कुणास ठाऊक. मोडत कुणीच नाही.

बाहेर कोटाच्या खिशात माझा फोन थरथरतोय.
बेर्गेनचा सुपरवायझर असणार:
सत्तावीसची पाळी घेतेस का, स्काइस्ते?
अकरा वर्षं मी हे जेवण अर्धंच जेवले,
तोंडात घास आणि डोक्यात बॅगेचं वजन.
मागच्या वर्षी मावशी काहीतरी सांगत होती,
मी हो हो म्हणत उठले होते, चार्जर शोधायला.
काय सांगत होती?

फोन थरथरून गप्प झाला.
मी बसले.
बसल्यावर दिसायला लागलं:
आईच्या चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला निळा दोरा,
पाव कापताना मध्येच थांबणारा बाबांचा हात,
विद्मांतासचं हसू, थेट मावशीचं,
आधी खांदे हलतात, आवाज मागून येतो.
हे कधीपासून होतं?

मग काड्या.
कापडाखाली हात घालून, न बघता, एकेक ओढायची.
काडी लांब, तर आयुष्य लांब.
विद्मांतासची वाकडी निघाली.
उग्नेची एवढी मोठी, की तिने मिशी म्हणून लावली.
बाबांची करंगळीएवढी.

शेगडीत लाकूड फुटलं, तेवढाच आवाज.
बाबांनी काडी उजेडात धरली,
इकडून तिकडून निरखली,
आणि दातात अडकलेला हेरिंगचा काटा काढला.
"बेताची आहे," म्हणाले,
"लांब असती तर टाळूला लागली असती."

हसता हसता माझा चमचा पडला.
वाकले, तर टेबलाखाली
आईची बोटं
तिची लांब काडी मोडत होती,
अंदाजानं,
करंगळीएवढी.

मी चमचा पुसला. वर आले.
आणखी सार वाढून घेतलं,
भूक नव्हती तरी.

ताटं कधीच रिकामी झालेली, कुणी हलेना.
मेणबत्ती बुडाशी आली.
आईने बर्फाची गोष्ट काढली, मग शेजाऱ्याच्या गाईची,
मग पुन्हा बर्फाचीच.
शेवटी उग्ने कळवळून म्हणाली, शू.

मोठा पेच.
तोडगा बाबांनी काढला: सगळे एकदम उठू.
धरा हात.
विद्मांतासने मावशीच्या खुर्चीच्या पाठीवरही एक हात ठेवला.
एक.
दोन.
गुडघे सरळ व्हायला लागले,
आणि बाबा म्हणाले, "थांबा, थांबा,
एक बिस्किट राहिलंय."

"आजोबा!" उग्ने पाय आवळून ओरडली.

ते सावकाश चावत होते.
आम्ही सगळे अर्धवट उठलेले, हातात हात,
त्यांच्या तोंडाकडे बघत.