टेपर

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो लोखंडात.
सांगलीचं आयटीआय, सकाळची बॅच.
पाटणकर मास्तरांनी टेलस्टॉक केसभर सरकवला,
म्हणाले, बघा आता, टेपर निघतोय.
टूल पुढे जात राहिलं
आणि मनगटाएवढी सळई शेवटाला
पोरीच्या करंगळीसारखी झाली.
मी वहीत लिहिलं: निमुळती.
मास्तरांनी खोडलं.
निमुळता मुळा असतो रे,
हा टेपर.
फुटामागे पाच अष्टमांश इंच, तोंडपाठ कर.

केलं. त्या पाठांतरावर
कीथलीच्या लेथ कारखान्यात एकतीस वर्षं काढली.
गावाचं नाव लिहिताना मधे एक घ येतो, बोलताना त्याचा थ होतो.
इथे अक्षरंसुद्धा वापरून वापरून झिजलीत.

कारखाना बंद झाल्यावर वाटलं, शब्द सुटला.
पण नातू टोबी कॅव्हेंडिश स्ट्रीटवरच्या कुर्द न्हाव्याला सांगतो,
कानामागे टेपर.
म्हणजे केस कुठे संपले आणि मान कुठे सुरू झाली
ते आईलाही कळता कामा नये.
शेजारची डोरीन म्हणते, टेपर म्हणजे मुळात मेणबत्ती.
चर्चमधल्या मोठ्या मेणबत्त्या पेटवायची, काडीसारखी बारकी.
तिला कुणी समईसारखं लावून ठेवत नाही.
एकीचं दुसरीला नेऊन द्यायचं
आणि विझायचं.

मग शालनचे खांदे धरले.
हात कानाच्या वर जाईना.
सकाळी उठून बसायला अर्धा तास,
आणि वेणी तर राहूच दे.
डॉक्टर ॲशवर्थनं स्टेरॉईड दिलं. चौथ्या दिवशी
तिनं वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढला
आणि चेहरा पुनवेसारखा फुगू लागला.
काही आठवड्यांनी ती बाई म्हणाली,
आता टेपर करायचं.
खुर्चीत मी एकदम ताठ झालो,
जसं कुणी परदेशात माझ्या आडनावानं हाक मारली.

पंधरा. साडेबारा. दहा.
दहाच्या खाली महिन्याला एकच.
एकदम का नाही सोडायचं, मी विचारलं.
ती म्हणाली, शरीर स्वतःचं औषध बनवायचं विसरलंय.
त्याला आठवायला वेळ द्या.

मी फ्रिजवर तक्ता लावला, ड्रॉइंगसारखा,
डावीकडे जाड, उजवीकडे बारीक.
शालननं बघितला आणि खो खो हसली.
म्हणाली, आपल्यात कुंकू संपलं तरी वाढलं म्हणतात,
बांगडी फुटली तरी वाढली.
डॉक्टरीणबाईला सांगा,
आमची गोळी वाढत चाललीय.

सातावर पुन्हा दुखलं. आठावर गेलो.
त्या रात्री तिला एक सांगायचं होतं, सांगितलं नाही:
ड्रिलचं शेपूट स्पिंडलमध्ये तळहाताच्या एका थापेनं बसतं.
ना स्क्रू, ना चावी.
त्याला धरून ठेवतो तो फक्त टेपर,
आणि तो धरतो कारण उतार फार थोडा असतो.
जरा जास्त दिला
की निसटलंच.

आज फेब्रुवारी. चार मिलिग्रॅम.
खिडकीबाहेर वर्थ नदी भुरकट, तिला काही घाई नाही.
मी मागे बसून शालनची वेणी घालतो,
वर्षभरात हात बसलाय,
तीन पेड, ताण सारखा,
कमरेपाशी येता येता केसच कमी पडत जातात
आणि वेणी आपोआप
मास्तर, मुळा नाही म्हणणार मी.

शेवटची चार बोटं उरली तेव्हा
ती हात मागे आणते. खांद्यावरून, वरून.
थोडा थरथरतो.
द्या, म्हणते,
रबर मी लावते.