एक जास्त

जेलरोडच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर
दिवाळीपासून बर्फ पडतोय.

भाचीनं पाठवलेला खोका. लाकडी तुकडे, सातशे पन्नास.
कुठल्याशा परक्या गावाचं जुनं चित्र:
शिकारी परतताहेत, कुत्री माना टाकून मागे,
खाली गोठलेल्या तळ्यावर मुंग्यांएवढी माणसं.
तुकड्यांच्या कडा जळक्या.
जेवताना भाकरीलाही धुराचा वास.

आला त्याच दिवशी मोजले. दोनदा. बरोबर भरले.

माणसं आधी लागली. मग कुत्री, झाडं, पुलाची कमान.
उरलं आभाळ.
दोनशे तुकडे, सगळ्यांचा रंग एकच,
कळकलेल्या ताकाचा.

डोळे जातील तुझे, शेजारची वत्सला म्हणाली.
अगं, छत्तीस वर्षं प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासलेत मी.
शाई केसभर सरकली तरी
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.
एक ताव कमी भरला की दारं बंद.
डबे उघडा, चपला काढा, पुन्हा मोजा,
घरी कुणाचं पोर तापानं फणफणत का असेना.

निफाडला पारा पाचावर उतरला त्या रात्री
द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्या म्हणे.
मी मफलर गुंडाळून बसले होते,
तेवढ्यात आभाळाचा एक तुकडा आपणहून आत गेला.
टक्.
उठून चहा केला, एकटीनंच, रात्री दोन वाजता.

भोगीच्या दिवशी चित्र पुरं झालं.
तळवा फिरवला. कुठे खळगा नाही.
आणि खोक्याच्या कोपऱ्यात
अजून एक.
ताकाच्याच रंगाचा.

कमी असता तर शोधला असता:
सोफ्याखाली, केरात,
वत्सलाच्या नातवाच्या खिशात.
जास्तीचा कुठे शोधायचा?
प्रेसमध्येही कमीपेक्षा जास्तीलाच घाबरायचो.
कमी म्हणजे चोरी झाली.
जास्त म्हणजे आपलं मोजणंच खोटं,
आजचं, आणि कदाचित
कालचंही.

भाचीला कळवलं नाही. छान झालं म्हटलं.

गुरुवारी बिटकोजवळ मेथी घेतली, पर्स झटकून सुट्टे दिले.
भाजीवालीनं तळहातावर पसरून बघितले,
एक बाजूला काढला.
"मावशी, हे नाही चालत."

मी परत घेतला. आणि सवयीनं
उजेडासमोर धरला.
लाकूड ते. काय दिसणार.