सुतक

साताऱ्याचं पत्र इंदुरास यायचं
गोदा, तापी, नर्मदा उतरून,
कोपरा फाडलेलं,
तेवीस-चोवीस दिवसांनी.
तोवर तिकडे तेरावंही उरकलेलं.
त्र्यंबकभट बोटं मोजून सांगायचे,
तीन दिवस पाळा.
फारच लांबचं कुणी असलं तर एक आंघोळ,
की पुन्हा चुलीपाशी.

मग छावणीत तार आली.
मी तारबाबू. टकटक ऐकतो,
इंग्रजी अक्षरांत मराठी माणसं लिहून काढतो.
शब्दागणिक पैसे. म्हणून
‘अण्णाकाका’ आणि ‘गेले’ यांच्यामध्ये
कुणी काही ठेवत नाही.

काल शिपाई आजारी,
तर मुकुंद बेहेऱ्यांकडे मीच चालत गेलो.
पानं वाढलेली, मीठ वाढायचं राहिलेलं.
कागद उलटसुलट करून त्यानं विचारलं,
कधी?
आज सकाळी, म्हटलं.

आज?
म्हणजे माहुलीच्या घाटावर
अजून लाकडंच उतरवत असतील.
तो उठला, अंगणात जाऊन
दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला.
हाक मात्र मारली नाही.

संध्याकाळी त्र्यंबकभट आले.
बोटं मोजायला हात वर केला,
तसाच खाली घेतला.
दहा, म्हणाले.
पुरते दहा.