रुमालाखालचा भाव

नर्स नाही मी, आधीच सांगून ठेवते.
सुई टोचायची नाही, सलाइनच्या नळीला हात लावायचा नाही,
ब्युरोच्या कागदावर तसं छापलंय, खाली माझी सही.
मला येतं ते एवढंच :
उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं,
कुशीवर वळवताना पाठीशी उशी अशी सरकवणं
की माणसाला आपण सामान झालोय असं वाटू नये.

ब्युरो विश्रामबागेत, जिन्याखाली.
बारा तासांचे साडेसहाशे, त्यातले शंभर त्यांचे.
बाई मिळेल, मुलगा मिळेल, रात्रपाळीचा दर वेगळा.
मालकीण फोनवर सांगते, "शांत आहे, खाणं कमी, स्वभाव चांगला."
पेशंटचं सांगते की माझं, कळत नाही.

हे घर मार्केट यार्डाच्या पाठीमागं.
पडद्यांना हळदीचा वास, गादीला, सुट्ट्या नोटांनासुद्धा.
जिनगोंडा आण्णा बिरनाळे. छपन्न वर्षं हळदीचे सौदे केले.
झटक्यात उजवं अंग गेलं, बोलणं गेलं.
डावा हात तेवढा राहिला,
बाप गेल्यावर गल्ल्यावर थोरला बसतो तसा.

घरात सगळे मला मावशी म्हणतात.
सून माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तीसुद्धा.
नाव फक्त वहीच्या पुठ्ठ्यावर : मालन सदामते.
आत रोजचंच. आठला लघवी.
नऊला नाचणीची आंबील, अर्धी वाटी, थोडी सांडली.
साडेदहाला अंग पुसलं.

पुसताना मी वरून टॉवेल पांघरते.
एक हात उघडायचा, पुसायचा, झाकायचा. मग पाय.
सगळा माणूस एकदम उघडा करायचा नाही.
हे कुणी शिकवलं नाही.
सासूचं नऊ महिने केलं, फुकट, तेव्हा आलं.

तिसऱ्या आठवड्यात टॉवेलाखाली
आण्णांच्या हातानं माझी बोटं धरली.
तीन धरली, सोडली. मग पाचही.
मग मधल्या बोटाचं पेर दाबलं.
अठरा घरं केलीत मी.
हात कसले कसले असतात, मला सांगू नका.
पण हा तसला नव्हता.
आण्णा तर खिडकीबाहेर बघत होते,
कशाशी देणंघेणं नसल्यासारखे.

सून दारात उभी, गरम पाण्याची बादली घेऊन.

दुपारी फोन : "उद्यापासून तिथं मुलगा पाठवते.
तुला कुपवाडला एक आजी आहे. जिना नाही."

संध्याकाळी काठी टेकत यल्लाप्पा तोलाईदार आले.
कॉटवर बसले, चादरीत हात घालून आण्णांचा हात हातात घेतला,
आणि एकदम दचकले.
आधी हसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.
"भाव करतंय की म्हातारं!
पूर्वी असंच व्हायचं, रुमालाखाली, शेजारच्याला कळू नये म्हणून.
तोंड गप्प, बोटं बोलायची."

मी विचारलं, तीन, मग पाच, मग हे पेर?
त्यांनी माझ्या बोटांवर हिशेब केला. दोनदा केला.
"ह्या भावानं त्यानं एकदाच माल उचललाय बघ.
हरिपूरच्या पेवातली राजापुरी.
मोडली की आत नारंगी.
आठवडाभर अडत्ये तोंडात बोट घालून बसले होते."

आत नळ चालू होता, तो बंद झाला.
सून काही बोलली नाही.

मी वही काढली.
साडेदहाच्या पुढं जागा होती, तिथं लिहिलं : तीन, पाच, पेर.
खोडलं.
लिहिलं : पाठीला लाली नाही.

आठला रात्रपाळीची बाई आली.
चपला घातल्या होत्या, त्या काढून परत आत गेले,
टॉवेल त्यांच्या हातावर टाकला, खालून माझा हात घातला,
आणि पाचही बोटं धरली.

सौदा पक्का झाला हे कसं सांगतात,
ते यल्लाप्पांना विचारायचं राहूनच गेलं होतं.