नमुना

रामकुंडाच्या तिसऱ्या पायरीवर वाकून
मी बाटली बुडवते, तोंड प्रवाहाकडे,
बूच पाण्याखालीच लावते.
बर्फाचा डबा. चिकटपट्टीवर तारीख, वेळ, सही.
एकोणीस वर्षं हेच.
अस्थी सोडायला आलेले लोक जरा सरकून जागा देतात,
त्यांना वाटतं हिचंही कुणीतरी गेलं असेल.

परवा सभेत विचारलं म्हणून सांगितलं,
हे पाणी लहान मुलांच्या तोंडात घालू नका.
आणि पुढे, कुणी विचारलं नव्हतं ते:
पाप धुतलं जातं का, आमच्या यंत्रात दिसत नाही,
पण जे धुतलं जातं ते खाली एकलहऱ्याला पोचतं.
कुणी हसलं नाही. एक खुर्ची सरकली.
"देव मानू नका, बाई," धारणकर म्हणाले,
"पण इतका माज बरा नव्हे."
मागून कुणीतरी, हळू: नमुनाच आहे.

माज.
पहाटे साडेचारला चार भोंगे
चार दिशांनी माझ्या उशीत शिरतात, ती श्रद्धा.
दसऱ्याला आमच्या यंत्राला झेंडू,
भिंगावर हळदीचं बोट,
आठवडाभर आकडे चुकतात, तीही श्रद्धाच.
सोसायटीच्या सत्यनारायणाची वर्गणी मी देते,
पावतीसुद्धा मागत नाही.
शिरा घेताना फक्त हात जोडत नाही,
आणि का, असं कुणी विचारलं तर सांगते.
तो माज.

हे सगळं मी रात्री भांडी घासताना
फार चांगलं मांडते.
तवा ऐकून घेतो.

पण तव्याला शालन माहीत नाही.
आडगाव नाक्याला आमची भिंतीला भिंत होती.
तिचा तेजस नववीत, मित्रांबरोबर गेला धरणावर.
सातव्या दिवशी ती म्हणाली, देवाला आवडला तो.
मी शेजारीच बसलेली, हातात तिच्याच घरचा चहा.
म्हणाले, "कुणाला आवडला नाही, शालन.
पोहता येत नव्हतं त्याला."

वाक्य बरोबर होतं.
पुढे पुष्कळ वर्षं मी म्हणत आले, वेळ चुकली.
वेळेचा काय दोष. घड्याळात साडेपाच वाजले होते
आणि घड्याळ बरोबर होतं.
मला जिंकायचं होतं तेव्हा.
कुणाशी, ते अजून सांगता येत नाही.
देवाशी म्हणावं, तर तो नाही.

मार्गशीर्षात अक्कांचं, माझ्या सासूबाईंचं,
जेवण तुटलं. म्हणाल्या, गंगेवर जाऊन ये,
दोन चमचे आण.
गंगा माझ्याकडे होतीच, प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये,
जंतू मोजलेली.
मी नळाचं उकळलं, गाळलं, निववलं,
त्यांच्या तांब्याच्या गडूत भरलं.
गप्प राहिले असते तर चाललं असतं.
कुणीही राहिलं असतं. राहवलं नाही.
"अक्का, नळाचं आहे. गंगापूर धरणातून येतं.
ही गंगाच, वरच्या अंगाची,
शहर लागायच्या आधीची."

त्यांनी एक डोळा उघडला.
"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"
"सांगत होते."
"सांगत कुठे. भांडत होतीस,"
म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.
दोन चमचे गेले, तिसरा ओठाबाहेर सांडला,
तो मी पदराने टिपला.

उद्या धारणकरांना अहवाल द्यायचा आहे.
शेऱ्याच्या रकान्यात दरवेळचंच: पिण्यास अयोग्य.
शब्द थोडा मऊ करता येतो का, बघितलं बराच वेळ.
या रकान्यात नाही येत.

शालन आता सिडकोत राहते म्हणे.
नंबर आहे माझ्याकडे.